ऑगस्टचं पाणी पाहून टर्बाइन घेऊ नका

प्रश्न : मेळघाटातलं, चिखलदरा तालुक्यातलं आमचं ६० घरांचं गाव. लाइन आली आहे, पण पावसाळ्यात जंगलात तारांवर झाड पडलं की आठ-आठ दिवस अंधार. ५ किलोवॅटचं सोलर बसलं होतं, त्याच्या बॅटऱ्या तिसऱ्या वर्षी गेल्या. गावाच्या वरच्या अंगाला नाला आहे, २२ मीटरची उंची मिळते. एका विक्रेत्याने ऑगस्टमध्ये नाला पाहून १० किलोवॅटच्या टर्बाइनचं कोटेशन दिलंय. ग्रामसभेत ठराव घ्यायचाय. घ्यावा का?

उत्तर :

भाऊ, ठराव घ्या, पण १० किलोवॅटचा घेऊ नका.

तुमच्या नाल्यातून वीज निघेल. १० किलोवॅट निघेल असं मला वाटत नाही आणि बारा महिने तर मुळीच निघणार नाही. तरी हे काम करण्यासारखं आहे, कारण तुमचा अंधार पावसाळ्यातला आहे आणि नाल्याचं पाणीही पावसाळ्यातलंच आहे. विदर्भात नाल्यावरची वीज म्हणजे मृगानंतर सुरू होऊन फार तर संक्रांतीपर्यंत चालणारी वीज. उन्हाळ्याची वीज आपल्याकडे उन्हातूनच घ्यायची. एवढं आधी मान्य केलं तर प्रकल्प तुमच्या आवाक्यात येतो. न करता बारमाही विजेचं स्वप्न पाहून मोठं मशीन आणलं तर ते आठ महिने शेडमध्ये गंजत पडतं, आणि गावाचा पुढच्या कुठल्याही योजनेवरचा विश्वास उडतो. दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर पाणी, गुणिले किती मीटर उंची, गुणिले ५. उत्तर वॅटमध्ये येतं. खरा आकडा ५ नाही, ९.८१ आहे, पण पाइपातलं घर्षण, टर्बाइन, पट्टा आणि जनरेटर मिळून जवळपास निम्मी ताकद खातात. लहान मशीनमध्ये ५ धरलं तर फसगत होत नाही. आता विक्रेत्याचे १० किलोवॅट उलटे सोडवा. १०,००० भागिले २२ भागिले ५, म्हणजे सेकंदाला ९१ लिटर. २०० लिटरचा ड्रम सव्वादोन सेकंदांत भरला पाहिजे, तोही रात्रंदिवस. ऑगस्टमध्ये झड लागलेली असताना तुमचा नाला हे करून दाखवेल. दिवाळीला दाखवेल का, हे त्याने तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्हीही त्याला विचारलं नाही.

त्याचं माहितीपत्रक बहुधा हिमाचल, उत्तराखंड किंवा नेपाळच्या भरवशावर छापलेलं असेल. तिथे बर्फाचं आणि बारमाही झऱ्यांचं पाणी हिवाळ्या-उन्हाळ्यातही ओढ्यात येत राहतं. आपला सातपुडा काळ्या बेसॉल्टचा. पाऊस भरपूर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरचा, आणि हा खडक पोटात फार पाणी धरत नाही. वरच्या मुरमात आणि भेगांत जिरलेलं पाणी हळूहळू झिरपतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत संपतं. मग नाल्यात डोह राहतात आणि बाया-माणसं झिरे खोदून पाणी भरतात. ते पाणी टर्बाइनचं नाही. त्याच्याकडे पाहायचंसुद्धा नाही.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. खर्च जवळजवळ नाही. पत्र्याची किंवा जाड प्लायची एक फळी घ्या आणि तिच्या वरच्या कडेत मधोमध ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापा. नाला अरुंद होतो तिथे ती आडवी, ओळंब्यात उभी करा. बाजूंनी आणि खालून चिकणमाती व प्लास्टिक दाबून पाणी बंद करा, म्हणजे सगळं पाणी खाचेतूनच पडेल. फळीच्या मागे मीटरभर अंतरावर, जिथे पाणी संथ आहे तिथे एक पट्टी रोवा. पट्टीचा शून्य आणि खाचेचं खालचं टोक एका पातळीत हवं. गवंड्याकडची पाण्याची नळी वापरली की ते बरोबर जुळतं. आता पट्टीवर १० सेंटिमीटर दिसलं तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर पाणी जातंय. १५ सेंटिमीटर म्हणजे १२ लिटर, २० म्हणजे २५ लिटर. नीट पाहा, उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाचपटीहून जास्त होतं. म्हणूनच नुसत्या डोळ्याने पाण्याचा अंदाज नेहमी चुकतो.

मोजणी पाऊस थांबून दोन दिवस झाल्यावर करायची. पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी असे टप्पे धरले तरी चालेल, पण पंधरा दिवसांनी एकदा केली तर उत्तम. शाळेतल्या मास्तरांना सांगा, सातवी-आठवीची पोरं हे काम मोठ्यांपेक्षा चोख करतात. वहीवर तारीख, आकडा आणि वाचणाऱ्याचं नाव.

उंचीचंही तेच. २२ मीटर कशाने मोजली? मोबाइलवर पाहिली असेल तर विसरा, त्यात दहा-दहा मीटरचा फरक पडतो. ठिबकची लांब नळी वरून पाण्याने पूर्ण भरा, आत हवा राहू देऊ नका. मग खालच्या टोकाला पंपावर असतो तसा प्रेशर गेज लावा. पाणी वाहत नसताना १ किलो प्रेशर म्हणजे १० मीटर. तुमच्याकडे काटा २.२ वर थांबायला हवा.

समजा मोजणीत पोळ्याला ४० लिटर, दिवाळीला १२, संक्रांतीला ५ आणि होळीला जवळजवळ काही नाही, असं निघालं. म्हणजे ४४०० वॅट, १३२० वॅट, ५५० वॅट आणि शून्य. अशा नाल्यावर मी एक मोठं मशीन कधीच बसवणार नाही. १० लिटरवर चालणारं एक लहान आणि २५ लिटरवर चालणारं दुसरं, अशी दोन बसवेन. लहान मशीन जुलैपासून दिवाळी उलटेपर्यंत अखंड चालेल, दुसरं पाणी जोरात असेल तेव्हाच. एकच मोठं असेल तर पाणी निम्म्यावर आलं की त्याची कार्यक्षमता कोसळते, आणि नाल्यात पाणी दिसत असूनही दिवे लागत नाहीत.

१० लिटरचं मशीन म्हणजे ११०० वॅट. एवढ्याशा विजेसाठी हा खटाटोप कशाला, असा प्रश्न ग्रामसभेत येणारच. त्याचं उत्तर युनिटमध्ये द्या. ११०० वॅट चोवीस तास म्हणजे दिवसाला २६ युनिट. सोलरचा १ किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला ४ ते साडेचार युनिट देतो. म्हणजे हे लहान मशीन ६ किलोवॅट पॅनेलच्या बरोबरीचं, तेही पॅनेल भर उन्हात असताना. आषाढ-श्रावणात ढग बसले की पॅनेलचं उत्पन्न निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं. नाला मात्र तेव्हाच भरून वाहतो, आणि रात्रीही वाहतो.

तुमच्या बॅटऱ्या का गेल्या, त्याचं मूळही बहुधा इथेच आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्धवट चार्ज राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने पॅनेल तिला पूर्ण भरू शकत नाही आणि गाव मात्र रोज रात्री ती उपसतं. एक-दोन पावसाळे ती सहन करते. त्यात उन्हाळ्याची ४५ अंशांची खोली. लोक म्हणतात कंपनीची बॅटरी खराब होती. कधी असतेही, पण जास्त वेळा तिला पोटभर चार्जिंग मिळालेलं नसतं. नाल्याच्या विजेवर चार्जर लावून त्याच बॅटऱ्या पावसाळ्यात रोज पूर्ण भरल्या तर त्यांचं आयुष्य वाढतं. तेव्हा जुनं सोलर भंगारात काढू नका. पॅनेल वीस वर्षंही टिकतं. नव्या बॅटऱ्या आणि नाला मिळूनच तुमच्या गावाचा मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरतं वीजजाळं, होईल.

मशीनचं म्हणाल तर तुमच्यासाठी साधा सेंट्रिफ्यूगल पंप उलटा चालवणं सगळ्यांत बरं. पाणी डिलिव्हरीच्या तोंडातून आत घालायचं, सक्शनमधून बाहेर काढायचं. पंप उलट्या दिशेने फिरतो आणि मोटर जनरेटर होते. एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण त्याला ठाऊक नसते. पंपाच्या पाटीवर जी उंची आणि जो प्रवाह लिहिलेला असतो, त्याच्या साधारण दीडपट टर्बाइन म्हणून चालवताना लागतो. म्हणजे पाइपातलं घर्षण वजा जाऊन २० मीटर उरत असेल आणि १० लिटर पाणी असेल, तर मिनिटाला १५०० फेऱ्यांचा, पाटीवर १३-१४ मीटर आणि ६-७ लिटर असलेला पंप शोधायचा. सरळ २० मीटर, १० लिटरचा आणला तर तो पूर्ण वेगाने फिरतच नाही. थ्री-फेज मोटरला योग्य कपॅसिटर लावून तिच्यातून सिंगल-फेज वीज काढता येते. कपॅसिटर कायम चालणारे घ्या, मोटर चालू करताना क्षणभर लागणारे नकोत, ते फुटतात. आणि मोटरच्या पाटीवरच्या ताकदीच्या ८० टक्क्यांच्या वर तिला नेऊ नका, कारण जनरेटर म्हणून चालताना वाइंडिंग जास्त तापतं. नेपाळमध्ये क्रॉसफ्लो टर्बाइन छान बनतात आणि कमी पाण्यावर त्या पंपापेक्षा सरस असतात. पण श्रावणात बेअरिंग गेलं तर पंपाचं बेअरिंग परतवाड्याला त्याच दिवशी मिळतं आणि रिवाइंडिंगवालाही तिथेच आहे. माझ्या लेखी हे पाच-दहा टक्के जास्त कार्यक्षमतेपेक्षा मोलाचं आहे.

सोबत इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर हवाच. रात्री दहाला गावाने दिवे बंद केले की मशीनवरचा भार जातो, वेग वाढतो, व्होल्टेज चढतं आणि उरलेल्या घरांतले बल्ब-टीव्ही जळतात. कंट्रोलर जास्तीची वीज आपोआप हीटरकडे वळवतो. तो हीटर पाण्याच्या टाकीत ठेवा, अंगणवाडीला नाहीतर आश्रमशाळेला गरम पाणी होईल. टाकी कधी कोरडी पडू देऊ नका म्हणजे झालं.

आता पानं. याच्यावर मी जरा जास्त लिहितो, कारण अशी बरीच मशीनं पाण्याअभावी बंद पडण्याआधी पानांनी बंद पडतात. मेळघाट सागाचं जंगल. दिवाळीनंतर साग पानं टाकायला लागतो आणि एकेक पान ताटाएवढं. पाणी घेण्याच्या तोंडाशी उभी जाळी लावलेली असते. पहिलं पान येऊन तिला चिकटतं, पाण्याचा दाब त्याला तिथेच धरून ठेवतो, त्याच्यावर दुसरं बसतं. चार-सहा पानांत जाळी बंद होते. पाइपात हवा शिरते, खाली मशीन खोकल्यासारखा आवाज करायला लागतं आणि दिवे फडफडतात. मध्यरात्री टॉर्च घेऊन वर जायचं, तेही वाघाच्या जंगलात. कोण जाणार? म्हणून जाळी उभी नको. ती प्रवाहाच्या दिशेला झुकलेली, मोठ्या क्षेत्रफळाची करा, म्हणजे वरून ओसंडणारं पाणीच पानं पुढे ढकलून नाल्यात नेईल. पाणी जाळीतून खाली टाकीत पडावं, टाकीत गाळ बसावा आणि तळाला गाळ सोडायची मोठी चावी असावी. पहिल्या पुराचं गढूळ पाणी आत घेऊच नका. ती रेती पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, एका मोसमात झिजवते.

पाइपात पैसे वाचवू नका. दोन्ही मशीनचं मिळून सेकंदाला ३५ लिटर पाणी १४० मिलिमीटरच्या पाइपातून नेलं तर दर १०० मीटरला जवळपास ५ मीटर उंची घर्षणातच जाते. २०० मिलिमीटरचा घेतला तर १ मीटरही जात नाही. तुमच्या २२ मीटरमधले ५ घालवणं परवडणार नाही. केबलचंही असंच आहे. मशीन गावापासून ५०० मीटरवर असेल आणि ३ किलोवॅट आणायचे असतील, तर १६ स्क्वेअर एमएमच्या अल्युमिनियम केबलवर २५ व्होल्ट वाटेतच उतरतात. ३५ ची घेतली तर ११-१२.

चक्की चालेल का, हे तुम्ही विचारलं नाही, पण गावातल्या बाया विचारतील. ३ एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते आणि लहान जनरेटर तिथेच बसतो. त्यापेक्षा दुसरं, २५ लिटरचं मशीन दिवसा पट्ट्याने थेट चक्कीला जोडा. विजेत रूपांतर नाही, मोटर नाही, मधलं नुकसान नाही. नेपाळच्या डोंगरात दिवसा दळण आणि संध्याकाळी दिवे ही पद्धत रुळलेली आहे. ज्वारी-मका दळायला, कोदो-कुटकी भरडायला भर पावसात डोक्यावर पोतं घेऊन दुसऱ्या गावी जाणं थांबलं तर गाव या मशीनला जपेल. मोबाइल चार्जिंगसाठी कोणी इतकं जपत नाही.

सुरक्षेत एका गोष्टीवर मी अडून बसतो. नाल्याची वीज आणि लाइनची वीज एका तारेवर कधीही येता कामा नये. लाइन बंद आहे असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो. तुमची वीज चुकून मागे डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, शिरली तर तिथे ती चढून ११ केव्ही, म्हणजे ११,००० व्होल्ट होते आणि माणूस जागीच जातो. घरोघरी नाल्याच्या विजेची वायरिंग वेगळी, वेगळ्या रंगाच्या बोर्डावर. जिथे दोन्ही एकत्र येणं टळत नाही तिथे दोन्ही वायर तोडणारा चेंजओव्हर स्विच. आकाशातल्या विजेसाठी अरेस्टर, आणि अर्थिंग नाल्याकाठच्या ओल्या मातीत; कोरड्या मुरमात खड्डा करून उपयोग नाही.

परवानग्या. विद्युत कायदा २००३ च्या कलम १४ प्रमाणे, राज्याने अधिसूचित केलेल्या ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र पाळावे लागतात. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावासाठीच्या १३ सुविधांची यादी आहे आणि तिच्यात अपारंपरिक ऊर्जास्रोत व विजेच्या तारा दोन्ही आहेत. अट अशी की जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणून तुमचा ठराव हा नुसता उपचार नाही, कायद्याने त्याला वजन आहे. नाला अभयारण्यात येत असेल तर वन्यजीव कायदा १९७२ चं कलम २९ लागतं. पाणी वळवायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हवी. ती टाळून काम करू नका. आणि नाल्यातलं सगळं पाणी कधीच पाइपात घालू नका. तोंडाशीच अशी खाच ठेवा की चौथा हिस्सा नाल्यात राहील, मगच पाइप भरेल. खाली जनावरं पाणी पितात, मासे आहेत, दुसरं गाव आहे.

आपल्याच सातपुड्यात हे होऊन गेलं आहे. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या बिलगावने २००३ मध्ये उदई नदीच्या धबधब्यावर १५ किलोवॅटचा प्रकल्प उभा केला. नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते, केरळमधले अभियंते आणि गावाचं श्रमदान यांतून तो झाला. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने तो बुडवला. यंत्र हरलं नव्हतं आणि आदिवासी गावाला ते सांभाळता आलं नाही असंही नव्हतं. ही गोष्ट ग्रामसभेत जरूर सांगा.

लाइन सुधारली तर हा खर्च वाया जाईल, ही भीती रास्त आहे. नेपाळ आणि श्रीलंकेत लाइन आल्यावर कित्येक गावांनी आपली मशीनं सोडून दिली. नेपाळने पुढे त्यावर मार्ग काढला. २०१८ मध्ये नुवाकोट जिल्ह्यातला २३ किलोवॅटचा स्याउरेभूमी प्रकल्प राष्ट्रीय ग्रिडला जोडला गेला आणि गाव वीज विकू लागलं. तुमच्या ३-४ किलोवॅटला ते सव्यापसव्य परवडणार नाही. पण जंगलातली लाइन पावसाळ्यात पडायची थांबेल असं मला दिसत नाही. सरकारी व्याख्येनुसार १० टक्के घरांत वीज पोहोचली की गाव विद्युतीकृत ठरतं. श्रावणात किती रात्री दिवे लागले, हे त्या व्याख्येत मोजलं जात नाही.

पैशाचं आधीच ठरवा. घरोघरी मीटर नकोत. प्रत्येक घराला ठरावीक वॅटचा लहान एमसीबी आणि महिन्याला ठरावीक वर्गणी. जास्त ओढलं की आपोआप पडतो, भांडण नाही. ६० घरांना ४० वॅट म्हणजे २४०० वॅट. तीन एलईडी आणि मोबाइल आरामात. पंखे-टीव्ही हवे असतील तर पाणी जोरात असेपर्यंतच, हे पहिल्याच बैठकीत सांगा. चालवायला दोन माणसं शिकवा, एक बचत गटातली बाई असेल तर चांगलं, कारण पुरुष कामासाठी बाहेर जातात. त्यांना पगार द्या. फुकट काम दुसऱ्या वर्षी बंद पडतं. चक्कीचे पैसे वेगळ्या खात्यात, बेअरिंग आणि बॅटरीसाठी. दोन सह्यांशिवाय ते निघू नयेत.

सध्या ठरावात एवढंच लिहा : ग्रामसभा नाल्याची होळीपर्यंत मोजणी करेल, वनहक्काची शिफारस देते आणि यंत्राचा निर्णय मोजणीनंतर घेईल. विक्रेत्याकडून लेखी मागा की २२ मीटर उंचीवर सेकंदाला १० लिटर पाण्यात त्याचं मशीन किती वॅट देईल, आणि शेवटचा हप्ता दिवाळीच्या पाण्यावर ते चालवून दाखवल्यावरच घेईल. तयार झाला तर बोलणी पुढे न्या. नाही झाला तर होळीनंतर वहीतले आकडे इथेच लिहा. पंप कोणता आणि पाइप किती व्यासाचा, हे त्यावरून ठरवू, म्हणजे मृगाच्या आधी पाइप टाकून होईल.